खाऱ्या पाण्याच्या टँकमधली फरदड

आमच्या घरी खाऱ्या पाण्याचा फिश टँक आहे म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला, पाणी कुठून आणता? आता समुद्र इथून 700 किलोमीटरच्या आसपास, यवतमाळ जिल्ह्यात दारव्ह्याच्या पुढच्या खेड्यात कोण समुद्राचं पाणी वाहून आणणार, तर बोअरचं पाणी आरओमधून काढायचं अन् त्यात अॅक्वेरियमचं मीठ कालवायचं, लिटरमागं 35 ग्रॅमच्या हिशेबानं. पहिल्यांदा बादलीत मीठ घोटत होतो तेव्हा आई दारातून म्हणे, "काय रे बाबू, मासोयाईचं लोणचं घालून रायला काय?" ते एक वर्ष गेलं, मासे जगले, आईचं बोलणं बंद झालं. अन् मग मीच घाण केली.

झालं असं की मासे आणताना मी लय काळजी घेत होतो. नवीन मासा आला की महिनाभर वेगळ्या टबमध्ये, औषध, निरीक्षण, सगळं. पण एकदा काचेवर शेवाळ वाढलं म्हणून पाच गोगलगायी अन् दोन शंखातले खेकडे मागवले, ट्रॅव्हल्सच्या डिक्कीतून थर्माकोलच्या डब्यात आले, अन् ते मी संध्याकाळीच मेन टँकमध्ये सोडून दिले. डोक्यात एवढंच होतं की आजार माशाचा, गोगलगायीला काय होते. बारा-तेरा दिवसांनी नेमोच्या, म्हणजे क्लाऊनफिशच्या, पंखावर रव्याचे दाणे चिकटल्यासारखे ठिपके दिसले, दोन दिवसांनी ते गेले, मी खुश, अन् पुढच्या आठवड्यात दुप्पट आले. चारातले तीन मासे गेले. गोगलगायी मात्र काचेवर मजेत फिरत होत्या, एकही मेली नाही. माझं गणित कुठं चुकलं ते त्यांच्याकडं पाहूनच कळलं, आणि हा लेख त्याच गणितावर आहे.

आधी हा ठिपक्यांचा आजार काय आहे ते पाहू. याला मरीन इक म्हणतात, काही जण नुसतं व्हाइट स्पॉट म्हणतात. करणारा जीव एका पेशीचा, नाव क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स. गोड्या पाण्यातल्या गप्पी-गोल्डफिशला जो व्हाइट स्पॉट होतो तो दिसायला असाच, पण करणारा जीव वेगळा, म्हणून "थोडं मीठ टाक, जाते" हा सल्ला इथं चालत नाही, हा बावा मिठातच जन्मलेला आहे. तो माशाच्या कातडीवर बसत नाही, कातडीच्या वरच्या थराखाली घुसून बसतो अन् तिथं 3 ते 7 दिवस खात राहतो. आपल्याला जो पांढरा ठिपका दिसतो तो हाच. कल्ल्यात बसला तर तोही दिसत नाही, मासा फक्त धापा टाकताना दिसतो.

पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुतेक वेळा अंधारात. खाली पडतो, काही तास सरपटत जागा शोधतो, अन् जी कडक जागा भेटेल तिला चिकटून स्वतःभोवती कवच करतो. या कोषाच्या आत त्याचे तुकडे होत जातात, एकाचे दोनशेच्या आसपास. मग कोष फुटतो अन् ही पिल्लं पाण्यात पोहत मासा शोधायला निघतात. त्यांच्याकडं वेळ कमी असतो, एक-दोन दिवसांत मासा नाही भेटला तर खेळ खतम, खरा जोर तर पहिल्या सहा-आठ तासांतच असतो. म्हणून तर हा गडी रात्री पडतो, रात्री मासे खाली दगडाच्या आडोशाला निजलेले असतात, पिल्लांना लांब जावं लागत नाही.

आता माझे ठिपके दोन दिवसांत का गेले ते कळलं असंल. ते बरे झाले नव्हते, ते खाली पडून कोषात गेले होते. दुकानात बरेच जण याच दोन दिवसांत औषध टाकतात, ठिपके जातात, औषधाचं नाव होते.

मुद्दा आता येतो. "जी कडक जागा भेटेल तिला" असं मी वर लिहिलं. ती जागा काच असू शकते, वाळूचा खडा असू शकतो, पाइप असू शकतो, अन् गोगलगायीचा शंख पण असू शकतो. त्या कोषाला शंख आहे का दगड आहे याच्याशी काही घेणं नाही. गोगलगायीला तो चावत नाही, तिच्या अंगात जात नाही, तिच्यावर त्याची पिढी चालू शकत नाही, त्याला मासाच लागतो. लहानपणी धुऱ्यानं चालत घरी आलो की पँटीला आघाड्याचं बी लागलेलं असायचं, आपल्याला काही रोग व्हायचा नाही, पण अंगणात उगवायचं. गोगलगाय, शंखखेकडा, कोळंबी, समुद्रफूल, मऊ कोरल ज्या चकतीवर चिकटवून येते ती चकती, शेवाळाचा गुच्छा, हे सगळे त्या पँटीसारखे आहेत. या सगळ्यांना मी पुढं बिनकण्याचे म्हणेन, पाठीला कणा नसलेले, म्हणजे दरवेळी यादी नको.

यात दुकानाचा भाग मोठा आहे. बऱ्याच दुकानांत दहा-पंधरा काचा दिसतात पण मागं पाणी एकच असते, एकाच फिल्टरमधून सगळीकडं फिरते. तुम्ही म्हणाल मी गोगलगाय ज्या काचेतून घेतली तिच्यात एकही मासा नव्हता. नसेल. पण बाजूच्या काचेत 30 मासे होते अन् पाणी एकच होतं, म्हणजे पिल्लं इकडं आली, काही सरपटे कोष करायला इकडं आले. घेताना एवढं विचारावं, भाऊ, बिनकण्याचं पाणी वेगळं आहे का माशाचं तेच आहे? वेगळं असलं तरी दुकानात येण्याआधी त्या गोगलगायी कुठं होत्या ते दुकानदाराला पण माहीत नसते, म्हणून मी आता उत्तर काही पण आलं तरी एकच समजतो.

मग उपाय काय. पहिला विचार औषधाचाच येतो. माशासाठी सगळ्यात भरवशाचं औषध तांब्याचं. आपल्याकडं संत्र्याच्या झाडाला बोर्डो लावतात त्यातल्या मोरचुदात जे तांबं असते तेच. माशाच्या वेगळ्या टबमध्ये साध्या तांब्याचं प्रमाण लिटरला 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम ठेवतात, किटनं मोजून, त्याच्या खाली गेलं तर परजीवी मरत नाही, वर गेलं तर मासा मरते. बाजारात दुसऱ्या प्रकारची तांब्याची औषधं पण आहेत, त्यांचं प्रमाण वेगळं असते, बाटलीवरचं वाचून करायचं. म्हणून शेतातला मोरचूद चिमटीनं टाकायचं डोक्यात पण आणू नका. अन् हेच तांबं गोगलगाय, कोळंबी, कोरल यांना विष आहे, माशाला जेवढं लागते त्याच्या किती तरी खालीच ते मरतात. पाण्याचा खारटपणा अर्ध्याच्या खाली आणून परजीवी मारायची पद्धत आहे, ती पण माशालाच सोसते, बिनकण्याचे त्यात टिकत नाहीत. गोड्या पाण्यात बुडवून काढणं, तेच. म्हणजे कोषाला मारेल अन् गोगलगायीला सोडेल असं औषध नाही.

कोरल बुडवून काढायची औषधं मिळतात, आयोडीनची, दुसरी पण, अन् ती बेकार नाहीत, कोरलवरचे किडे, चपट्या अळ्या त्यानं पडतात. पण कोषाचं कवच ती भेदत नाहीत. डिप केली म्हणजे क्वारंटाईन झालं असं समजणारे लय आहेत, मी पण त्यातलाच होतो.

औषध नाही तर राहिला काळ. हे समजवायला मला आमचंच वावर पुरते. 2017 ला आमच्या यवतमाळ जिल्ह्यात गुलाबी बोंडअळीनं कपाशीची काय दशा केली ते कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हापासून कृषीवाले एकच ओरडतात, फरदड घेऊ नका, म्हणजे हंगाम संपल्यावर जास्तीच्या वेच्यासाठी पऱ्हाटी उभी ठेवू नका, डिसेंबरपर्यंत ती उपटा, अन् जूनच्या आधी कपाशी टोबू नका. का? तर ही अळी मुख्य करून कपाशीवरच जगते. मधले पाच-सहा महिने शिवारात कपाशीच नसली तर जो पतंग कोषातून निघेल त्याला अंडी घालायला बोंड भेटत नाही, तो तसाच मरते. फवारणी जिथं पोचत नाही तिथं उपासमार पोचते. अन् ज्यानं दोन वेचे जास्तीचे भेटतील म्हणून फरदड ठेवली त्यानं स्वतःचंच नाही, शेजाऱ्याचं पण पुढचं साल खराब केलं.

टँकमध्ये कपाशी म्हणजे मासा. बिनकण्याचे नवीन आले की त्यांना अशा टबमध्ये ठेवायचं जिथं एक पण मासा नाही. कोष असतील तर ते फुटतील, पिल्लं निघतील, दोन दिवस फिरतील, मासा नाही, मरतील. आपण काही करायचं नाही, फक्त मासा टाकायचा नाही. एक बारका मासा, तळाला दडून बसणारा, "हा काय, याला काही होत नाही" म्हणून ठेवला की ती फरदड झाली. काही माशांच्या अंगावर चिकट थर जाड असतो, ठिपके दिसतच नाहीत, पण त्यांच्यावर हा जीव पिढ्या चालवत राहते.

किती दिवस, हा खरा वादाचा प्रश्न. बहुतेक कोष 3 ते 28 दिवसांत फुटतात. पण सगळे एकाच दिवशी फुटत नाहीत, जसं पेरलेलं सगळं बी एका दिवशी उगवत नाही, काही मागं राहते. कोलोर्नी आणि बर्जेस या दोघांनी 1997 मध्ये या परजीवीवर जो आढावा लिहिला त्यात कोष फुटायचा काळ 3 पासून 72 दिवसांपर्यंत दिला आहे. त्या 72 मध्ये पिल्लं मरायचे अन् सावधगिरीचे चार दिवस घालून 76 हा आकडा जगभरच्या टँकवाल्यांत रूढ झाला. आता बरेच जण म्हणतात पाणी पक्कं 27 अंशावर ठेवलं तर सगळं लवकर फुटते, 45 दिवस पुरतात. त्यात तथ्य आहे, गरम पाण्यात हा चक्र जोरात फिरते अन् थंड पाण्यात लांबते. पण त्या "पक्कं 27" ला माझ्या गावात कोण जामीन राहणार? डिसेंबरात रात्री लाइन गेली की पहाटेपर्यंत पाणी गार, हीटर नुसता लोंबकळत. ज्याच्या घरी लाइन जात नाही त्यानं खुशाल 45 करावे, मी 76 च धरतो. कॅलेंडरवर दूधवाल्याच्या खाड्यांच्या बाजूला खडूनं नाही, पेनानं लिहून ठेवतो, कारण पन्नासाव्या दिवसानंतर मन म्हणते जाऊ दे, झालं असंल.

अन् मधात दुसरी एक गोगलगाय त्या टबमध्ये टाकली की मोजणी पुन्हा एकपासून. यात हसण्यासारखं काही नाही, मी 31 व्या दिवशी टाकली होती.

टबचं म्हणाल तर खर्च फार नाही. 40 लिटरचा साधा काचेचा टँक किंवा खाण्याच्या दर्जाचा प्लास्टिकचा डबा, स्पंज फिल्टर, एअर पंप, बारका हीटर, कोरल असली तर वरून एलईडी. स्पंज आधीच मुरलेला पाहिजे, म्हणजे त्यात घाण पचवणारे जिवाणू बसलेले पाहिजे, पण तो मेन टँकमधून उचलून आणायचा असेल तर तिथं मासे आजारी नाहीत याची खात्री पाहिजे, नाहीतर आपणच कोष आणून टाकतो. आणखी एक, ज्या टबमध्ये कधी तांब्याचं औषध वापरलं तो टब बिनकण्याच्यांसाठी कधीच घ्यायचा नाही. तांबं दगडात मुरते, हळूहळू सुटत राहते. माझ्याकडं दोन टब आहेत, एकावर लाल पेंटनं "मासे" लिहिलं आहे, घरातल्या दुसऱ्या कोणी चुकून अदलाबदल करू नये म्हणून.

अडीच महिने त्यांना जगवायचं पण आहे. नवीन टबमध्ये शेवाळ नसते, गोगलगायी उपाशी मरतात अन् लोक म्हणतात क्वारंटाईनमध्ये मेल्या. सुकवलेल्या समुद्री शेवाळाचा कागदासारखा पत्रा मिळतो, त्याचा तुकडा दगडाखाली दाबून ठेवायचा. खेकड्याला गोठवलेल्या कोळंबीचा मुगाएवढा तुकडा आठवड्यातून दोन-तीनदा, उरलेलं दुसऱ्या दिवशी काढायचं. आठवड्याला थोडं पाणी बदलायचं अन् रोज जेवढं उडून गेलं तेवढं साधं आरओचं भरायचं, मीठ टाकून नाही, कारण मीठ उडत नाही, पाणीच उडते. मे महिन्यात कुलर चालू असताना 40 लिटरमधून रोज किती पाणी जाते ते पाहिल्यावर मी तोंडात बोट घातलं.

पिशवीतलं पाणी कोणत्याच टँकमध्ये ओतू नका, त्यात पोहणारी पिल्लं असू शकतात. थेंब-थेंब करून आपलं पाणी पिशवीत मिसळायचं, तासाभरानं जीव उचलून घ्यायचा, पाणी मोरीत. शंख जुन्या टूथब्रशनं घासून स्वच्छ खाऱ्या पाण्यात दोन-तीनदा विसळला तर कोष कमी होतात, पण कमीच, संपत नाहीत. कोरलची चकती तोडून फेकता आली तर फेका. शंखखेकड्याच्या टबमध्ये दोन-चार रिकामे कोरडे शंख ठेवा, बेटा घर बदलते, अन् जुना शंख लगेच काढून उन्हात टाकायचा.

ऊन, हे एक औषध मात्र आपल्याकडं फुकट आहे. कोष ओला असला तरच जगतो, पूर्ण वाळला की मेला. जाळी, पाइप, मोजायचं यंत्र, बादली, सगळं धुऊन टिनाच्या छपरावर दिवसभर टाका, 45 अंशाच्या उन्हात काय शिल्लक राहणार. अर्धवट वाळलेलं स्पंज मात्र आतून ओलंच असते, त्याच्यावर भरवसा नको. टबची जाळी वेगळी, मेन टँकची वेगळी, अन् रोजचं काम आधी मेन टँकचं करायचं, नंतर टबचं, उलट नाही. हात धुऊन कोरडे करायचे.

दोन टँकमध्ये अंतर किती, असं एकानं विचारलं होतं. इकपुरतं जास्त काही नाही, पण व्हेल्वेट म्हणून दुसरा आजार आहे, अॅमिलूडिनियम, माशावर सोनेरी धूळ बसल्यासारखं दिसते अन् काही दिवसांतच टँक साफ करते, त्याची पिल्लं हवेच्या बुडबुड्यांतून उडणाऱ्या बारीक तुषारांसोबत 3 मीटरपर्यंत गेलेली प्रयोगात दिसली आहेत. म्हणून माझा टब दुसऱ्या खोलीत असतो, तुरीच्या पोत्यांच्या बाजूला. व्हेल्वेटचा पण एक टप्पा खाली चिकटून कोषातच जातो, तोडगा तोच, मासा नको अन् काळ जाऊ द्या, 76 दिवसांत तोही आटोपते.

सगळेच असे सरळ नाहीत. माशाच्या अंगावरच्या चपट्या कृमींची अंडी दोऱ्यासारख्या चिकट धाग्यानं कशाला पण अडकतात, शंखाला पण, त्यांना पण शेवटी मासा लागतो म्हणून उपासमार चालते. युरोनिमा म्हणून दुसरा एक परजीवी आहे, तो मात्र नुसत्या कुजक्या घाणीवर पण जगू शकते, त्याला मासा नसला तरी भागते, म्हणून तिथं आमचं हे फरदडीचं गणित लागू पडत नाही, तिथं टबमध्ये घाण साचू न देणं एवढंच हातात असते.

"सफाई कोळंबी टाका, ती इक खाते" हे पण लय फिरते. कोळंबी माशाच्या अंगावरून टोचून खाते हे खरं आहे, पाहायला मजा पण येते. पण आपला गडी कातडीखाली बसलेला, तिच्या हाताला सगळा कसा लागणार. अन् ती कोळंबी स्वतः दुकानातून आली, तिच्या कवचावर काय चिकटून आलं? तिला पण 76 दिवस.

कोरलचं एक मधातच सांगतो, कारण नवीन मुलं विचारतात. खडक बांधणारं कठीण कोरल, काळं कोरल, समुद्री पंखे हे 2001 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या पहिल्या अनुसूचीत घातले, समुद्री काकडी पण, समुद्री घोडा पण. कोणी "सगळं चालते भाऊ" म्हणून विकत असंल तर घेऊ नका. टँक गोगलगायी, कोळंबी, शंखखेकड्यांवर पण भारी दिसते.

आता समजा माझ्यासारखं होऊन बसलं, आजार मेन टँकमध्ये शिरला. तेव्हा उलटं करायचं, मासे सगळेच्या सगळे बाहेर, लाल पेंटच्या टबमध्ये, तांब्यात. बिनकण्याचे, दगड, वाळू तिथंच राहू द्यायची अन् मेन टँकच 76 दिवस बिनमाशाचा ठेवायचा. माझा एकच मासा उरला होता, तो अडीच महिने टबमध्ये अन् घरातला मोठा टँक रिकामा, येणारा-जाणारा म्हणे, "मासे कुठं गेले?" आमचे मोठे बाबा तर म्हणाले, "गोगलगायी पाळासाठी एवढं लाइटचं बिल भरून रायला का?" काय सांगणार, वावर पडीक ठेवणाऱ्याला पण लोक असंच म्हणतात.

76 दिवस झाल्यावर पण मी एक चाचणी घेतो. काळी मॉली, गोड्या पाण्याच्या दुकानात सहज मिळणारी, स्वस्त. हिला हळूहळू, दोन-तीन दिवस घेऊन, खाऱ्या पाण्याची सवय लावली तर ती समुद्राच्या पाण्यात मस्त जगते. गोड्या पाण्यातून आल्यामुळं मरीन इक सोबत आणत नाही, पण पाण्यात तो असला तर तिला होतो, अन् काळ्या अंगावर पांढरा ठिपका लपत नाही. दोन मॉल्या बिनकण्याच्यांच्या टबमध्ये सोडायच्या, दोन-तीन आठवडे पाहायचं, रोज सकाळी टॉर्च मारून. ठिपका दिसला तर मॉली बाहेर काढून मोजणी पुन्हा एकपासून. नाही दिसला तर गोगलगायी उचलायच्या, पाणी तिथंच सोडायचं, अन् मेन टँकच्या काचेला लावायच्या. माझ्या मॉल्यांना आता टबमध्येच पिल्लं झाली आहेत, अकरा मोजली, आई त्यांना सकाळी खायला टाकते.